बारा नंबरच्या घरी

बसने करकचून ब्रेक मारला आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीतून आवाज आला. मोठा नाही, बंद दाराआड कुणी घसा खाकरावा, तेवढाच. शेजारच्या गृहस्थाने मोबाइलमधून मान वर काढली. "काही फुटलं का हो?" "नाही, कप आहे," ती म्हणाली. "मग फुटलाच असणार," असं म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये बुडाला. आता याला काय सांगायचं? की हा चहाचा कप नाही, प्रदेशातल्या हौशी रग्बी संघांच्या अजिंक्यपदाचा कप आहे, दोन कानांचा, चांगल्या मोठ्या पातेल्याएवढा, आणि आज संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडे आहे? त्याने लगेच विचारलं असतं, तुम्ही रग्बी खेळता? मग भावाचा विषय आला असता. भाऊ खेळतो म्हणायचं की खेळायचा, हे ठरवायला तिला अजून क्षणभर थांबावं लागे, आणि तेवढ्या क्षणात समोरच्याला सगळं कळून जाई, त्याचा चेहरा पडे, आणि मग त्याचीच समजूत काढायची वेळ येई. त्यापेक्षा चहाचा कप बरा. तिने पिशवीला दोन्ही हातांनी मिठी मारली. टॉवेलात गुंडाळूनही तो वाजलाच होता. काल संध्याकाळी घरात आल्यापासून तो वाजतच होता. फ्रिज सुरू झाला की वाजे, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की वाजे, आणि स्वयंपाकघरातून तिने उगाचच मोठ्यांदा "कोण आहे?" म्हणून विचारलं, तेव्हाही वाजला होता.

संघाची रीत अशी, की कप जिंकला की क्लबच्या कपाटात जाण्याआधी तो खेळाडूंच्या घरी राहून येतो. जर्सीच्या नंबराप्रमाणे, एका घरी एक दिवस, संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. भाऊ बारा नंबरचा. चार वर्षांपूर्वी संघ जिंकला तेव्हा कप घरी आला होता तो त्याच्याच खांद्यावरून. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेला. सरावाहून परत येताना बसस्टॉपवर उभा होता, पिशवी खांद्यालाच होती, आणि हृदय बंद पडलं. बैलासारखा धडधाकट मुलगा, कधी साधा ताप नाही. स्टॉपवरच्या लोकांना वाटलं, काहीतरी शोधायला खाली वाकलाय. यंदा संघ त्याच्यावाचून पुन्हा जिंकला. बारा नंबरची जर्सी वर्षभर कुणी अंगात घातली नाही. त्याच्या जागी खेळणाऱ्या पोराला बावीस नंबर दिला. अकरा नंबरच्या घरून कप पुढे कुठे न्यायचा यावर म्हणे रीतसर बैठक बसली, दोघांची जुंपलीसुद्धा, आणि मग कुणीतरी म्हणालं, बारा नंबरचं घर आहे की नाही जागेवर? मग वाद कसला घालताय? झालं. काल अकरा नंबरचा पाववाला कप पिठाच्या गोणीत घालून दारात उभा राहिला. "ताई, कुठे ठेवू?" म्हणाला, आणि ती सांगेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कपावर कोरलेल्या अक्षरांत पीठ बसलं होतं. आईने कपाकडे एकदा पाहिलं, पिंजऱ्यावर टाकावा तसा टेबलावरचा रुमाल त्याच्यावर टाकला, आणि "हे गेलं की मला फोन कर" एवढंच बोलून मावशीकडे निघून गेली. आईला दोष देण्यात अर्थ नव्हता. एकाच खोलीत त्याच्याबरोबर बसायचं म्हणजे छातीच हवी.

पण ती बसली, कारण तिला त्या कपाकडून काहीतरी हवं होतं. तो आहे कथलाचा, वरून चांदीचा मुलामा. फार वर्षांपूर्वीच्या कुणा कप्तानाने बक्षीस घेता घेता, चांदी खरी की खोटी बघावं म्हणून काठ चावला, आणि कपाचं पितळ उघडं पडलं: मऊ धातूत दातांचे ठसे उमटले. दुसरा एखादा खेळ असता तर ते बुजवून घेतलं असतं. या लोकांनी त्याची रीत केली. तेव्हापासून कप मैदानावर हातात आला की जिंकलेल्यातल्या प्रत्येकाने काठाला दात लावायचा. न चावणारा जिंकलाच नाही, असं समजतात. चार वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी भाऊ चिखलाने माखून घरात शिरला होता आणि दारातूनच ओरडला होता, "ताई, मीपण चावलो! असा करकचून चावलो!" ती म्हणाली होती, "आ कर." टॉर्च घेऊन तिने त्याच्या पुढच्या दातांची तपासणी केली होती. एकाचाही टवका उडाला नव्हता. "दगडाचे आहेत मेले," ती म्हणाली होती, आणि पुढे कप घरी आला तेव्हा कामावर जायच्या घाईत तिने तो बाकीच्या भांड्यांबरोबर घासून पालथा घातला होता. काठाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहायचं कशाला? दात तर घरातच होते, टेबलाशी बसून खात होते, दात काढून हसत होते, रात्री झोपेत एकमेकांवर घासत होते आणि भिंतीपलीकडून तिला ऐकू येत होते.

ती दात बनवते. डॉक्टर नाही, डॉक्टर लोक ठसा घेऊन पाठवतात आणि या लॅबमध्ये त्यावरून कवळ्या, टोप्या, तारा होतात. रस्त्याच्या पातळीखालची लांबट खोली, वर एक आडवी खिडकी, तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. तिच्या टेबलामागच्या फळीवर रग्बीच्या संघाचे जबडे मांडलेले असतात, कारण संघाचे दात सांभाळणारे रबरी गार्ड तीच करून देते, आणि गार्ड करायचं तर आधी प्रत्येकाच्या दातांचा प्लास्टरचा साचा लागतो. पंधरा जबडे, खाली पेन्सिलीने नंबर. गेल्या हिवाळ्यानंतर कितीदा तरी तिने बारा नंबर उचलला आणि परत ठेवला. टाकून देववत नव्हता आणि तिथे ठेववतही नव्हता. पाठ करून बसावं तर मानेला जाणवायचा. शेवटी तिने टेबलच फिरवून घेतलं, आणि तेव्हापासून तो दिवसभर तिच्या समोर असायचा. वरच्या रांगेत डावीकडचा दुसरा दात शेजारच्यावर किंचित चढलेला. वडिलांचाही तसाच होता. ते चढणं तिला पाहून नव्हे, बोटांनी पाठ होतं.

त्याचा ठसा तिने इथेच, याच खुर्चीत घेतला होता. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे त्याच्या तोंडात दाबून धरायचा आणि लगदा घट्ट होईपर्यंत हात हलवायचा नाही. रग्बीच्या मैदानात तिघातिघांना अंगावर घेणारा हा पैलवान, ट्रे तोंडात गेला की ओकारी काढायचा, डोळ्यांतून पाणी, पाय खुर्चीवर आपटायचा. "नाकाने श्वास घे. घे म्हणते ना," असं म्हणत तिने एक हात त्याच्या कपाळावर ठेवला होता, आणि ट्रे धरलेल्या मनगटावर त्याचा श्वास येत होता, गरम, जोरात, मग हळूहळू नियमित. तोंड बंद असून बोलणं थांबेना. "उं उं उं," काहीतरी विनोद करत होता आणि स्वतःच हसत होता. हसला की ट्रे हाले, म्हणून तिने दम दिला होता. "आणि एक ध्यानात ठेव. मैदानात असेपर्यंत गार्ड तोंडातून काढायचं नाही. शिट्टी झाली म्हणून काढतात आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडताना डोकी आपटून दात पाडून घेतात, चिक्कार पाहिलेत मी. मैदानाबाहेर पाऊल पडल्यावर काढायचं. नाहीतर मीच पाडीन." "उं," तो म्हणाला होता. मनगटावरची ती ऊब आजही कधी कधी येते, बसमध्ये, जिन्यात, भाजी चिरताना. ती हात झटकते. मग घाई केली असं वाटून हात तसाच धरून बसते, पण तोवर गेलेली असते.

तिला काय हवं होतं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी डोक्यावर परिणाम झालाय म्हटलं असतं. साचा होता, पण तो तिने घेतलेला. गार्ड होतं, तेही तिने केलेलं. फोटो दुसऱ्यांनी काढलेले, त्यांत तो कुणीतरी सांगितलं म्हणून हसणारा. कपडे आईने धुऊन इस्त्री करून ठेवले, त्यांना आता साबणाचाच वास. त्याने स्वतः, आपल्या मनाने, आपल्या जोराने जगावर उमटवलेली एक तरी खूण असावी ना? ती कपाच्या काठावर होती. तेवढी एक पाहायची, तिच्यावर बोट ठेवायचं, की इथे तो होता. पंधरा घरं फिरून कप कपाटात गेला की कुलूप, आणि पुन्हा हा संघ कधी जिंकेल कोण जाणे. आजचाच दिवस होता.

लॅबमध्ये काका आधीच आले होते. काका म्हणजे तिच्याआधीपासून इथे प्लास्टर कालवणारे म्हातारे, रेडिओ लावून काम करणारे आणि स्वतः मात्र बोळके. "हे काय घेऊन आलीस? सूप पाजणार आहेस सगळ्यांना?" त्यांनी विचारलं. मग त्यांना कोरलेली अक्षरं दिसली. ते रेडिओचा आवाज कमी करून आपल्या टेबलाशी गेले. तिने भिंगाचा दिवा ओढला, कप कुशीवर आडवा ठेवला, डाव्या हातात बारा नंबर घेतला आणि काठाच्या एका कानापासून सुरुवात केली. भिंगाखाली तो काठ म्हणजे नुसती गर्दी होती. चाव्यावर चावा, रुंद दात, किडके दात, मधे फट असलेले, एका बाजूने तुटलेले. काही नुसते लाजत टेकवलेले, काही दातओठ खाऊन रुतवलेले. कितीतरी माणसं, त्यातली निम्मी आता कवळ्या घालत असतील आणि काही जमिनीखाली गेली असतील, सगळी आनंदाच्या भरात तोंड उघडून त्या काठाला लागलेली. यंदाचे ठसे चकचकीत होते, ते तिने ओळखले; फळीवरच्या जबड्यांशी एकेक जुळत गेला. तेरा नंबरच्या लंबूचे फावड्यासारखे दोन, पाववाल्याचा अर्धा. चार वर्षांपूर्वीचे थोडे काळवंडलेले, तेही सापडले, तीच माणसं, तेव्हा जरा कमी झिजलेली. आता येईल, आता येईल, असं म्हणत ती काठ फिरवत होती, प्रत्येक खुणेवर साचा टेकवून बघत होती, आणि डोकं कपात वाकलेलं असल्यामुळे तिचाच श्वास आतून परत येऊन चेहऱ्यावर लागत होता. दोनदा तिने दचकून मान वर काढली.

तो नव्हता. तिने पुन्हा पाहिलं, उलट बाजूने पाहिलं, काठाच्या आतून पाहिलं. चढलेला दात कुठेच नव्हता. कुणीतरी त्याच्यावर चावलं असेल म्हणावं तर खालची खूण तिच्या नजरेतून सुटली नसती. मग काय, खोटं बोलला? चावलाच नाही? पण दारातून ओरडला होता तो, इतका खूश होऊन. बसस्टॉपवर लोक म्हणाले होते, काहीतरी शोधत होता. आणि आता ती शोधत होती, तशीच वाकून. काठावर एका ठिकाणी, कपाच्या कानाजवळ, बोटभर जागा कोरी होती. इतक्या दाटीत नेमकी तीच मोकळी. तिने तिच्यावर अंगठा फिरवला आणि डोक्यात ते आलं. आलं म्हणजे काय, हातातच आलं. तिच्या मागे भट्टी होती. जेवायच्या सुट्टीच्या आत साच्यावरून मेणाचे दात निघाले असते.

आणि ती कामाला लागली. विचार केला असता तर केलं नसतं, म्हणून विचार केला नाही. साच्याची रबरात प्रत, तिच्यात मेण; पुढचे सहा दात पुरेत. मेणाभोवती भट्टीचं प्लास्टर, आणि भट्टी तापली की आतलं मेण जळून जातं, काहीच उरत नाही, फक्त त्याच्या आकाराची पोकळी. त्या पोकळीत कवळीच्या सांगाड्याला वापरतात तो कठीण धातू वितळवून सोडायचा. असं तिने अनोळखी माणसांसाठी हजारदा केलं होतं आणि एकदाही हात थरथरला नव्हता. काका जवळ येऊन उभे राहिले. "कुणाचं काम?" "घरचंच आहे." "मग एवढी कशाला धावतेस?" काका म्हणाले. "सावकाश कर. नीट नाही बसलं तर परत बोलावून घे त्याला." काकांची नजर फळीवर गेली, अकरा आणि तेराच्या मधल्या रिकाम्या जागेवर. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो पूड लागलेला हात तसाच थोडा वेळ राहू दिला, आणि जाऊन रेडिओ बंदच करून टाकला. भट्टीचा आवाज तेवढा राहिला आणि टेबलावर कप त्या आवाजाला बारीक साथ देत होता.

घरी पोचली तेव्हा उन्हं अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. लंबू यायचा होता. तेरा नंबर, नळांची कामं करणारा, आता कप त्याच्या घरी जाणार होता. तिने ओट्यावर टॉवेलाची चुंबळ केली, कप तिच्यावर बसवला आणि खिशातून दात काढले. सहा दात, घासून चकचकीत केलेले, डावीकडचा दुसरा शेजारच्यावर चढलेला. धातूचे म्हणून गार असायला हवे होते, पण खिशात मांडीशी राहून ते अंगाइतके गरम झाले होते, आणि ते तिला सहन होईना. कोऱ्या जागेवर तिने ते टेकवले. नीट बसले, जणू जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली. आता हातोडीचा एक हलका ठोका. एकच. मग कुणीही कधीही पाहिलं तरी तो तिथे असेल, पन्नास वर्षांनी कुणी पोरगं काठावरून बोट फिरवेल आणि चढलेल्या दाताशी अडखळेल. कुणाचं काय बिघडणार होतं? तो जिंकला होताच. तो चावलो म्हणाला होता. ती फक्त त्याचा शब्द खरा करत होती. तिने हातोडी उचलली. घरात कसलाच आवाज नव्हता, कप पण वाजत नव्हता, आणि तिला स्पष्ट वाटलं की मागे कुणीतरी ओकारी दाबून धरलीय, नाकाने श्वास घेतोय, ती काय करते ते बघत. "नाकाने घे," ती पुटपुटली. हात वर गेलेला तसाच राहिला.

बेल वाजली. तिने हातोडी ओट्यावरच्या फडक्याखाली सरकवली, दात मुठीत घेतले आणि दार उघडलं. लंबू दारात मान वाकवून उभा होता. त्याला सगळ्याच दारांत मान वाकवावी लागे. "आलो, ताई. लवकर झालं का? मी थांबतो खाली हवं तर." "ये रे आत," ती म्हणाली, आणि पाणी विचारायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं, "तो चावला तेव्हा तू होतास ना जवळ? त्या वेळी?"

"बाजूलाच होतो की. बारा आणि तेरा, आम्ही जोडीनेच."

"कुठे चावला? मला दाखव."

लंबूने कपाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. "चावला कुठला, ताई! त्याने गार्डच काढलं नव्हतं. आम्ही ओरडतोय, अरे काढ ते, काढ! हा नुसती मान हलवतोय. कप्तानाने ओढून काढायला बोटं घातली तर त्याचीच बोटं चावली. काय बोलतोय ते कुणाला कळेना, उं उं उं. मग मी कान लावला. म्हणे, 'अजून मैदानात आहे मी. ताई मारेल.'" लंबू हसत होता, मोठ्यांदा, खांदे हलवत. "आणि मग तसाच चावला, रबरासकट. असा जोर लावला, मान लाल. आम्ही गवतावर लोळलो हसून. इथे, या कानापाशी." त्याने बोट ठेवलं. कोऱ्या जागेवर. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "ताई? काही चुकलं का माझं?"

तिला गार्ड आठवलं. त्या हंगामानंतर नवीन करून द्यायचं म्हणून त्याने जुनं आणून दिलं होतं, आणि त्याच्यावर पुढच्या बाजूला एक आडवी खाच होती, सरळ, खोल. "चघळत बसतोस का रे हे?" ती ओरडली होती. तो हसत होता. कशाची खाच, सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने ते गार्ड केराच्या टोपलीत टाकलं होतं, रुमालाला हात पुसला होता आणि नव्याचं रबर तापवायला घेतलं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "काही चुकलं नाही." तिला हसायला येत होतं. "ऐक, सगळ्यांना सांग. पुढच्या वेळी कप हातात आला की गार्ड काढायचं. मी सांगितलंय म्हणून सांग. काढायचं आणि मग चावायचं."

"बरं, ताई," लंबू म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली, कप टॉवेलासकट उचलला, दारात मान वाकवली आणि जिना उतरू लागला. कप पायरीपायरीला वाजत खाली गेला. खालचं दार लागलं, आणि घरात इतकी शांतता झाली की कालपासून तिथे किती आवाज होता ते तिला तेव्हा कळलं. आईला फोन करायचा होता. ती दारातच उभी राहिली. हात दुखत होता. दार उघडल्यापासून तिने मूठ सोडलीच नव्हती. तिने ती आता उघडली. दात बाजूला सरकले, आणि तळव्यावर, अंगठ्याच्या मांसल भागात, सहा खुणा होत्या, लालबुंद, खोल, एक शेजारच्यावर चढलेली. ती बघत होती तसतशा त्या कडेने फिकट व्हायला लागल्या, मांस हळूहळू वर यायला लागलं. तिने दात पुन्हा त्या खुणांवर बसवले आणि मूठ घट्ट आवळली, आणखी घट्ट. डोळ्यांत पाणी आलं.

"हळू रे," ती म्हणाली.